सारा देश जिच्या मयताला आला

नोव्हेंबर महिना आला की आपली पावले आपोआप दफनभूमीकडे वळतात. कबरी धुतल्या जातात, फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात. वर्षभर ज्यांचे नाव कुणाच्या तोंडी आले नाही, त्यांच्यासाठीही मिस्सा सांगितली जाते. कबरीपाशी उभे असताना जुन्या गोष्टी निघतात. कुणाच्या मयताला किती माणसे होती, किती धर्मगुरू आले होते, रांग चर्चच्या फाटकाबाहेर कुठपर्यंत गेली होती, अशी उजळणी होते. माणसाची खरी किंमत मयताच्या दिवशी कळते, असे आपण सहज बोलून जातो.

संत ऑगस्टीन यांनी या विषयावर फार पूर्वी विचार करून ठेवला आहे. मोठा अंत्यविधी हा मृताला मदत करण्यापेक्षा जिवंतांना दिलासा देण्यासाठी असतो, असे त्यांचे मत होते. गरीब लाजरसला कुणी वाजतगाजत नेले नाही, तरी तो अब्राहामाच्या उराशी पोहोचला. पण त्याच विवेचनात संत ऑगस्टीन असेही बजावतात की मृतदेहाची हेळसांड होता कामा नये, कारण पवित्र आत्म्याने सत्कर्मांसाठी त्याच देहाचा उपयोग करून घेतलेला असतो. हे दोन्ही विचार एकत्र कसे नांदतात, हे पुस्तकापेक्षा एखाद्या आयुष्यातून अधिक चांगले उमजते. म्हणून आज न्यूझीलंडमधील एका कॅथलिक आजीची जीवनकथा आपल्यापुढे मांडत आहे. त्यांचे नाव फिना कूपर. त्या माओरी होत्या.

माओरी हे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. गोऱ्या लोकांच्या आधी काही शतके ते समुद्रमार्गे तिथे येऊन स्थायिक झाले. आपल्या देशाला ते आओतेआरोआ म्हणतात. त्या देशाच्या उत्तर टोकाजवळ होकिआंगा नावाची लांबच लांब खाडी आहे. तिथल्या माओरींना कॅथलिक श्रद्धा मिळाली ती फ्रेंच बिशप पोंपालिये यांच्याकडून. त्या देशात येऊन पोहोचल्यावर 13 जानेवारी 1838 रोजी त्यांनी याच खाडीच्या काठी, तोतारा पॉइंट इथे, एका लाकूड व्यापाऱ्याच्या घरात मिस्सा अर्पण केली. त्या प्रदेशातली बरीच गावे पुढे पिढ्यान् पिढ्या कॅथलिक राहिली.

धर्मशिक्षकाची मुलगी

याच खाडीच्या उत्तरेस ते काराका या वस्तीत 9 डिसेंबर 1895 रोजी फिनाचा जन्म झाला. तिचे नाव होहेपिने ते वाके. होहेपिने हे जोसेफिनचे माओरी रूप, आणि फिना हे त्याचेच जवळिकीचे नाव. वडील हेरेमिया ते वाके हे ते रारावा जमातीचे पुढारी आणि चर्चचे धर्मशिक्षक होते. हेरेमिया म्हणजे आपला यिर्मया. आईचे नाव कारे पाउरो.

हेरेमियांना जमातीचा इतिहास आणि वंशावळ तोंडपाठ होती. घरी आलेगेलेले पाहुणे, बैठकींतले वाद, जमिनीचे तंटे हे सगळे ही मुलगी वडिलांच्या शेजारी बसून ऐके. मुलगे असतानाही वडिलांनी आपले ज्ञान या मुलीच्या ओंजळीत घातले. त्या काळी, आणि त्या समाजात, ही लहान गोष्ट नव्हती.

गावच्या शाळेतील शिक्षण आटोपल्यावर 1907 साली ती नेपियर शहरातील सेंट जोसेफ माओरी कन्या विद्यालयात गेली. धर्मभगिनींची ही शाळा घरापासून शेकडो किलोमीटर दूर होती. फीची सोय वडिलांचे मित्र आणि त्या वेळचे मंत्री जेम्स कॅरोल यांनी केली. परतल्यावर वडिलांनी तिच्यासाठी एक स्थळ पाहिले होते. मुलीने नकार दिला. वडिलांना वाईट वाटले, पण तिने मन बदलले नाही. काही काळ पावारेंगा येथील शाळेत तिने शिकवले, नंतर रावेने येथील धर्मगुरूंच्या निवासात घरकाम पाहिले.

तिच्या स्वभावाची पहिली चुणूक गावाला दिसली ती 1914 च्या सुमारास. गावाजवळ भरती-ओहोटीची एक चिखलजमीन होती. लोक तिथे शिंपल्या-कालवे वेचत, आणि ती सुकली की तिच्यावर घोड्यांच्या शर्यती लावत. सरकारच्या सागरी खात्याने ही जमीन एका गोऱ्या शेतकऱ्याला भाड्याने दिली. पाणी काढून टाकण्यासाठी तो चर खणू लागला. हेरेमियांनी प्रश्न संसदेपर्यंत नेला. पण कागद सरकायला वेळ लागतो आणि चर रोज लांब होत होते. तेव्हा मुलीने गावकऱ्यांना फावडी घेऊन बोलावले. तिकडे शेतकऱ्याची माणसे चर खणत आणि मागोमाग ही मंडळी ते बुजवत. पोलीस आले, अतिक्रमणाचा आरोप ठेवला गेला. पण तोपर्यंत सागरी खात्याने भाडेपट्टाच रद्द केला होता. कुणावर हात न उगारता, नुसती माती परत जागेवर टाकून गावाने आपली जमीन राखली. त्या वेळी फिना जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची होती.

घरातून बाहेर, आणि पुन्हा घरात

10 मे 1917 रोजी तिने रिचर्ड गिल्बर्ट या जमीन मोजणीदाराशी विवाह केला. जमातीच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलेला हा विवाह नव्हता, त्यामुळे बरीच मंडळी नाराज झाली. वडील होते तोवर त्यांचे छत्र होते. 1918 साली जगभर इन्फ्लुएंझाची साथ पसरली. माओरी वस्त्यांमध्ये तर तिने हाहाकार उडवला. त्या वर्षी फिनाचे आईवडील दोघेही गेले. पाठोपाठ भावाने या जोडप्याला घराबाहेर काढले. तान्ह्या मुलासह दोघांना ताडाच्या झावळ्यांच्या झोपडीत राहावे लागले.

अशा वेळी त्यांच्या मदतीला धावले ते धर्मग्रामाचे फादर चार्ल्स क्रेम्बोर्ग. ते मिल हिल संस्थेचे मिशनरी होते. 1886 पासून ऑकलंड धर्मप्रांतातील माओरींची सेवा या संस्थेकडे होती. फादरांनी या तरुण जोडप्याला कर्ज दिले. त्या पैशातून त्यांनी वडिलांचे घर, जमीन आणि गावातील दुकान विकत घेतले. काही वर्षांतच फिनाबाईंनी कर्ज फेडून टाकले. फादरांनी ज्यांना पैसे दिले त्यांच्याकडे तारण म्हणून ठेवण्यासारखे काही नव्हते. त्यांनी फक्त माणूस ओळखला. धर्मगुरूच्या हातून होणाऱ्या मोठ्या कामांत असल्या कामाची नोंद सहसा होत नाही, पण त्या एका कर्जाने पुढे किती जणांचे भले केले हे आता आपल्याला दिसते.

फिनाबाईंचे दुकान गावाचे केंद्र बनले. टपालघर आले. शेती वाढली. शेतकरी संघटनेच्या स्थानिक शाखेच्या त्या अध्यक्ष झाल्या. गावात रग्बीचा संघ उभा राहिला तर त्याला शिकवायलाही याच. गावाचे नाव आता पांगुरू झाले होते. 1932 साली थोर माओरी नेते आणि मंत्री सर आपिराना न्गाता पडीक माओरी जमिनी लागवडीखाली आणण्याची योजना घेऊन होकिआंगाला आले, तेव्हा त्यांनी स्थानिक जबाबदारी फिनाबाईंवर टाकली. विखुरलेले जमिनीचे तुकडे एकत्र करणे, भाऊबंदांची मने वळवणे, कुंपण घालणे, गवताचे कुरण तयार करणे, दुभत्या गाई आणणे ही कामे गावोगाव सुरू झाली.

पडणे

इथपर्यंतची कथा वाचताना कुणालाही वाटेल की ही सरळ वर चढत जाणारी वाट आहे. तशी ती नाही, आणि म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे.

मार्च 1935 मध्ये रिचर्ड गिल्बर्ट कर्करोगाने वारले. त्या वेळी फिनाबाई दुसऱ्या एका गृहस्थापासून गरोदर होत्या. त्यांचे नाव विल्यम कूपर. जमिनीच्याच कामानिमित्त त्यांचा परिचय झाला होता. गावाला धक्का बसला. ज्या बाईने सर्वांना शिस्त शिकवली, जी चर्चच्या प्रत्येक कामात पुढे, तिच्या हातून हे घडावे, याचा राग लोकांना आवरला नाही. नवऱ्याच्या मरणाचे दुःख आणि समाजापुढची ही लाज एकाच वेळी वाट्याला आली. त्यांना पांगुरू सोडावे लागले. वांगारेई शहराजवळ कामो या गावी जाऊन विल्यम कूपर यांच्यासह त्या शेती करू लागल्या. 1941 साली दोघांचा विवाह झाला.

एक धर्मगुरू म्हणून हा प्रसंग मी मुद्दाम लिहिला आहे. मृतांविषयी केवळ चांगलेच बोलावे अशी आपली रीत आहे आणि ती वाईट नाही. पण तिचा एक तोटा होतो. मरण पावलेला प्रत्येक जण इतका निर्दोष होऊन बसतो की आपल्यासारख्या चुकणाऱ्या माणसाला त्याच्याकडून काही घेता येत नाही. दावीद राजाची कथा सांगताना बायबलने बथशेबेचे प्रकरण वगळले नाही. पेत्राचा नकार चारही शुभवर्तमानकारांनी लिहून ठेवला. चुकीवर पांघरूण न घालताही माणसाचा सन्मान राखता येतो, हे पवित्र शास्त्रच आपल्याला शिकवते.

शहरातली आई

1949 साली विल्यम कूपरही वारले. दोनदा विधवा झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या फिनाबाई ऑकलंड शहरात आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर माओरी तरुण गावे सोडून शहरांत लोटत होते. गोदीत, कारखान्यांत काम मिळे, पण राहायला जागा मिळत नसे. अंधाऱ्या, ओल धरलेल्या खोल्यांत दोन-दोन कुटुंबे दाटीवाटीने राहत. पोटासाठी गाव सोडून शहर गाठलेल्या माणसाची ही कथा आपल्याला अनोळखी नाही.

सप्टेंबर 1951 मध्ये राजधानी वेलिंग्टन येथे माओरी महिला कल्याण संघाची स्थापना झाली आणि फिना कूपर त्याच्या पहिल्या अध्यक्ष निवडल्या गेल्या. त्यांनी देश पिंजून काढला. ऑकलंडमधील माओरी घरांची पाहणी संघाच्या महिलांनी स्वतः दारोदार फिरून केली. किती माणसे, किती खोल्या, पाणी कुठे, संडास कुठे, याची नोंद झाली. ही माहिती हातात घेऊन संघ अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला, तेव्हा त्यांना नुसती आश्वासने देऊन भागवता येईना. गलिच्छ वस्त्या पाडल्या गेल्या आणि माओरी कुटुंबांना सरकारी घरे मिळू लागली. मुलांचे आरोग्य, शिक्षण, नोकरीतील भेदभाव हे विषयही संघाने हाती घेतले. थोड्याच वर्षांत संघाच्या 300 हून अधिक शाखा आणि 4,000 हून अधिक सभासद झाले.

फिनाबाईंचा कारभार मात्र एकहाती होता. सभेचा निर्णय होण्याआधीच त्या जाहीर करून मोकळ्या होत. सहकारी महिलांना हे जाचू लागले. 1957 साली त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले. पण निरोप देताना त्याच महिलांनी त्यांना ‘ते फाएआ ओ ते मोतू’, म्हणजे राष्ट्रमाता, ही पदवी दिली. पद काढून घेतले आणि मान दिला, असे दोन्ही एकाच अधिवेशनात झाले. मतभेद आणि कृतज्ञता या दोन गोष्टी एकाच मनात राहू शकतात, हे आपल्या संस्था-मंडळांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

चर्चशी त्यांचे नाते या काळातही घट्ट राहिले. शहरात आलेल्या माओरी कॅथलिकांना उपासनेसाठी, लग्नकार्यासाठी आणि मुख्य म्हणजे मयतासाठी हक्काची जागा नव्हती. तिच्यासाठी निधी उभारण्याचे काम फिनाबाईंनी अंगावर घेतले. 1966 साली ऑकलंडच्या एप्सम भागात ‘ते उंगा वाका’ हे केंद्र सुरू झाले. नावाचा अर्थ, नाव किनाऱ्याला लागण्याचे ठिकाण.

एकुणऐंशीव्या वर्षी पायी

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कार्याकडे येऊ. 1840 साली माओरी प्रमुख आणि ब्रिटिश राणीचे प्रतिनिधी यांच्यात वाइतांगी येथे करार झाला. माओरींच्या जमिनी त्यांच्याकडेच राहतील अशी हमी त्यात होती. पण पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत विक्री, जप्ती, युद्धानंतरची सक्ती आणि कायद्यातील पळवाटा यांमुळे देशातील सुमारे 6 कोटी 60 लाख एकरांपैकी जेमतेम 5 टक्के जमीन माओरींच्या हाती उरली. त्यात 1967 साली नवा कायदा आला. चार किंवा त्याहून कमी मालक असलेली माओरी जमीन सर्वसाधारण जमिनीत बदलण्याची सक्ती त्यात होती. माओरी समाजात खळबळ उडाली.

1975 च्या सुरुवातीला निरनिराळ्या संघटना एकत्र आल्या आणि नेतृत्वासाठी त्यांनी फिनाबाईंना विचारले. संधिवाताने त्यांचे गुडघे दुखत होते. वय एकुणऐंशी. त्यांनी होकार दिला आणि संसदेपर्यंत पायी जायचे ठरवले.

14 सप्टेंबर 1975 रोजी देशाच्या उत्तर टोकावरील ते हापुआ या गावातून सुमारे पन्नास माणसे निघाली. डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात तीन वर्षांच्या नातीचा हात, आणि पुढे लांबवर गेलेला कच्चा रस्ता, असे त्या दिवशीचे एक छायाचित्र आहे. न्यूझीलंडमध्ये ते घराघरांत ठाऊक आहे. मोर्चाच्या अग्रभागी एक कोरीव लाकडी खांब होता. आपल्या पायाखालची जमीन गेली आहे याची खूण म्हणून तो वाटेत कुठेही जमिनीला टेकवायचा नाही असा नियम होता. रात्री मोर्चा एखाद्या मराएवर मुक्काम करी. मराए म्हणजे माओरी गावाचे सभागृह आणि त्यापुढचे अंगण. तिथे प्रार्थना होई, चर्चा होई, आणि वडीलधारी मंडळी निवेदनावर सह्या करीत.

23 सप्टेंबरला मोर्चाने ऑकलंडचा मोठा पूल ओलांडला. गावागावांतून माणसे जोडली जात होती. महिनाभर चालून, सुमारे 1,000 किलोमीटर अंतर कापून, 13 ऑक्टोबर 1975 रोजी मोर्चा वेलिंग्टनला संसदेसमोर पोहोचला, तेव्हा त्यात सुमारे 5,000 माणसे होती. 60,000 लोकांच्या सह्यांचे निवेदन फिनाबाईंनी पंतप्रधान बिल रोलिंग यांच्या हाती दिले. यापुढे माओरींची एक एकरही जमीन जाऊ नये, ही मागणी होती.

मोर्चा संपल्यावर मात्र फूट पडली. काही तरुणांनी संसदेच्या आवारात तळ ठोकला. फिनाबाईंना ते पसंत नव्हते. दिलेला शब्द पाळून आता घरी जावे, असे त्यांचे म्हणणे होते. तरुणांना त्या मवाळ वाटल्या. ज्यांनी महिनाभर एका ताटात जेवण केले होते ते एकमेकांशी बोलेनासे झाले. हे दुःखही त्यांनी पचवले.

त्याच ऑक्टोबर महिन्यात वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन करणारा कायदा संसदेने मंजूर केला होता. त्याचे विधेयक मोर्चाच्या आधीचे होते. 1985 साली या न्यायाधिकरणाला थेट 1840 पर्यंत मागे जाऊन तक्रारी तपासण्याचा अधिकार मिळाला. त्यातून पुढे अनेक जमातींना जमीन आणि भरपाई मिळाली. एका मोर्चाने हे सारे घडले असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण जो प्रश्न फक्त माओरींचा समजला जाई तो मोर्चानंतर साऱ्या देशाचा झाला.

जुन्या करारातील नाबोथ आठवतो. अहाब राजाने त्याच्या द्राक्षमळ्यासाठी चांगला मोबदला देऊ केला होता. वाडवडिलांचे वतन विकणे नाबोथाला पाप वाटले आणि त्याला जीव गमवावा लागला. राजाला त्या जमिनीत भाजीचा मळा दिसत होता, नाबोथाला आपले वाडवडील दिसत होते. माओरी भाषेत जमिनीला ‘फेनुआ’ म्हणतात, आणि आईच्या पोटातील वारेलाही हाच शब्द आहे. जन्मानंतर वार आपल्या जमिनीत पुरण्याची त्यांची रीत आहे. जमीन आणि देह यांचे नाते त्या एका शब्दात आले आहे. लूकच्या शुभवर्तमानात अन्यायी न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाणारी एक विधवा आहे. प्रभू येशूने प्रार्थनेचा धडा म्हणून तिची गोष्ट सांगितली. फिनाबाईंच्या बाबतीत प्रार्थना आणि दारी जाणे ही दोन वेगळी कामे नव्हती.

अखेरचे मुक्काम

सरकारने त्यांना वेळोवेळी सन्मान दिले. 1981 साली त्या ‘डेम’ झाल्या, 1991 साली देशाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. 1983 मध्ये त्या पांगुरूला परतल्या. ज्या गावाने एकेकाळी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती, त्याच गावी त्यांनी आपली शेवटची वर्षे घालवली. 1990 साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनाला चौऱ्याण्णव वर्षांच्या या आजीने भाषण केले. वाइतांगीचा करार आपण सर्वांनी एक होऊन राहावे म्हणून झाला होता याची आठवण त्यांनी देशाला करून दिली. जमिनीसाठी लढलेल्या बाईच्या मनात गोऱ्यांविषयी द्वेष नव्हता.

26 मार्च 1994 रोजी पांगुरू येथे वयाच्या अठ्ठ्याण्णवव्या वर्षी त्यांचे निधन झाले. झावळ्यांच्या रविवारची ती पूर्वसंध्या होती. पवित्र सप्ताह सुरू होत असताना त्यांचे मयत मांडले गेले.

माओरी मयताला तांगी म्हणतात. शब्दाचा अर्थच रडणे. मृतदेह उघड्या शवपेटीत मराएवर ठेवतात आणि बहुधा तीन दिवस त्याला क्षणभरही एकटे सोडत नाहीत. घरच्या स्त्रिया डोक्यावर हिरव्या पानांची वेढणी घालून पेटीशेजारी बसून राहतात. पाहुण्यांची तुकडी फाटकाशी आली की आतून एक स्त्री उंच स्वरात त्यांना आणि त्यांच्या मृतांना साद घालते. मग भाषणे होतात. बोलणारा जमावाशी बोलत नाही, तो मृत व्यक्तीशी समोरासमोर बोलतो. स्तुती करतो, जुनी भांडणेही काढतो. रात्री गाणी, प्रार्थना, गमतीच्या आठवणी, हसणेसुद्धा चालते. मनात राहिलेले सारे तिथेच सांडून जावे, कबरीपर्यंत कुणी काही घेऊन जाऊ नये, हा त्यामागचा भाव. दफन झाल्यावर सर्वांना जेवण घालतात.

फिनाबाईंच्या तांगीला होकिआंगाच्या त्या आडवळणी गावात हजारो माणसे आली. गव्हर्नर जनरल कॅथ टिझार्ड आल्या, पंतप्रधान जिम बोल्जर आले, निरनिराळ्या जमातींचे प्रमुख आले. सगळेच त्यांच्या मताचे नव्हते. स्त्रीने मराएवर उभे राहून पुरुषांच्या बरोबरीने बोलावे हे काहींना शेवटपर्यंत मान्य झाले नव्हते. अंत्यविधी दूरचित्रवाणीवर थेट दाखवला गेला आणि 10 लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा छत्तीस लाखांच्या आसपास होती. म्हणजे चौघांतील एकजण त्या दिवशी एका खेड्यातील कॅथलिक आजीच्या मयताला बसला होता. गोऱ्यांच्या घरांतही तो पाहिला गेला. अनेकांनी माओरी मयत आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले असेल. ज्या मातीसाठी त्या चालल्या, त्या पांगुरूच्या मातीतच त्यांना ठेवण्यात आले. 2020 साली गावात त्यांचा पुतळा उभारला गेला. नातीचा हात धरून निघालेली आजी, असाच तो आहे.

आता संत ऑगस्टीन यांच्या विचाराकडे परत येतो. त्या गर्दीने फिनाबाईंचा आत्मा स्वर्गाच्या जवळ गेला का? नाही. त्यासाठी मिस्सा आणि प्रार्थना आहे, आणि ती तर एखाद्या बेवारस माणसासाठीही तितक्याच मोलाने अर्पण होते. मग गर्दी कशासाठी? मला वाटते, ती जिवंतांच्या हिशेबासाठी होती. ज्या देशाने एका समाजाची जमीन घेतली, त्याच देशाच्या प्रमुखांना त्या जमिनीवर येऊन, त्या समाजाच्या रीतीने, एका पेटीपुढे मान लववावी लागली. संसदेसमोर तासभर उभे राहून जे मिळाले नव्हते ते त्या अंगणात मिळाले. आणि ज्या गावाने 1935 साली त्यांना जाऊ दिले होते त्याच गावाने त्यांना आपल्या कुशीत घेतले. अशा वेळी अंत्यविधी हा समेटाचा संस्कारच होतो.

प्रिय बंधू-भगिनींनो, आपल्या धर्मग्रामातील मयतांना दूरचित्रवाणीचे कॅमेरे येणार नाहीत. त्याची गरजही नाही. पण या महिन्यात घरच्या कबरीपाशी मेणबत्ती लावताना आपण दोन गोष्टी करू शकतो. तिथे झोपलेल्या आजी-आजोबांची खरी गोष्ट, त्यांच्या चुकांसह, मुला-नातवंडांना सांगू शकतो. आणि त्या कबरीच्या निमित्ताने ज्या भावाशी, ज्या वहिनीशी, ज्या शेजाऱ्याशी बांधावरून किंवा वाटणीवरून बोलणे तुटले आहे, त्यांना त्याच दिवशी बरोबर घेऊन जाऊ शकतो. मयताच्या दिवशी येतात म्हणून वाट पाहण्यापेक्षा ते बरे.

परमेश्वर फिना कूपर यांना आणि आपल्या सर्व मृतांना चिरविश्रांती देवो.